कोरकूंचा ‘आम्ही’ आणि आपला ‘आपण’



जिच्यात छापील पुस्तके नाहीत, सरकारी कागद निघत नाहीत, ती भाषा नव्हे, नुसती बोली. आणि बोलीला कसले आले आहे व्याकरण! असा समज आपल्याकडे शिकल्यासवरल्या माणसांतही घट्ट रुजला आहे. हा समज कितपत खरा आहे, हे आपण आपल्याच महाराष्ट्रातील एका भाषेवर घासून पाहू. ती भाषा म्हणजे कोरकू.

कोरकू लोक राहतात ते महाड-पोलादपूरपासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, म्हणजे धारणी व चिखलदरा हे तालुके, आणि त्याला लागून मध्य प्रदेशातील बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर हा मुलूख. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणाऱ्यांची संख्या ७,२७,१३३ नोंदली गेली. म्हणजे ही काही चार घरांची भाषा नव्हे.

मराठी ही संस्कृत-प्राकृताच्या कुळातली, तर कानडी-तेलुगू द्राविड कुळातल्या, हे आपण जाणतोच. कोरकू या दोहोंपैकी कोणत्याच घरातली नाही. ती मुंडा गटातली. झारखंड-ओडिशाकडील संताळी आणि मुंडारी या तिच्या सख्ख्या बहिणी. मेघालयातील खासी, कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी या लांबच्या. याला पुरावा काय? कोरकूत तीन म्हणजे ‘अफाई’ आणि चार म्हणजे ‘उफुन’. ख्मेरमध्ये तेच आकडे ‘बेई’ आणि ‘बुओन’, व्हिएतनामीत ‘बा’ आणि ‘बोन’. एखादा शब्द योगायोगाने जुळतो. पण आकडे, शरीराचे अवयव, पाणी असे रोजचे शब्द ठरावीक नियमाने जुळू लागले, की तिथे नाते मानावेच लागते. आपल्या एमआयडीसीत ओडिशाकडून आलेला एखादा कामगार घरी संताळी बोलत असेल, तर मेळघाटचा कोरकू हा भाषेने त्याचा भाऊबंद लागतो.

आता ध्वनींकडे वळू. आपण मराठीत आवाज चढवतो-उतरवतो तो राग, प्रश्न किंवा आर्जव दाखवण्यासाठी. त्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. काही भाषांत मात्र सूर हा शब्दाचाच भाग असतो. लाओस-व्हिएतनामच्या डोंगरांत राहणाऱ्या हमोंग लोकांच्या भाषेत असे सात-आठ सूर आहेत. एकच अक्षर निरनिराळ्या सुरांत म्हटले की निरनिराळे शब्द होतात. इतक्या लांब जायला नको. हमरस्त्यावर भेटणारा पंजाबी ट्रकचालक ‘घोडा’ म्हणतो तेव्हा नीट कान द्या. ‘घ’ जवळजवळ ‘क’ होतो आणि त्याच्या बदल्यात सूर खाली दबतो. कोरकूतही असा एक खालचा सूर आहे, आणि मुंडा भाषांत ही गोष्ट विरळाच. नॉर्मन झाइड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली या सुरावर स्वतंत्र निबंध लिहिला. ज्याचा कान त्या सुराला सरावलेला नाही, त्याला तो ऐकू येत नाही. आणि जे आपल्याला ऐकू येत नाही, ते तिथे नाहीच असे आपण ठरवून मोकळे होतो.

व्याकरणाची घडण तर याहून पाहण्याजोगी. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन लिंगे. भिंत स्त्रीलिंगी का आणि दगड पुल्लिंगी का, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. कोरकूत विभागणी आहे ती सजीव आणि निर्जीव अशी, आणि ती कळायला सोपी. वचने मात्र तीन: एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन. ‘कोरो’ म्हणजे माणूस. ‘कोरोकिंग’ म्हणजे दोन माणसे. अनेक माणसांसाठी शेवटी ‘कू’ लागतो, आणि त्यातूनच ‘कोरकू’ हे नाव झाले. या लोकांच्या नावाचा अर्थ एवढाच की ‘माणसे’. संस्कृत शिकताना द्विवचनाने ज्यांना घाम फोडला, त्यांनी ध्यानात घ्यावे की मेळघाटातले पाच वर्षांचे पोर ते खेळता खेळता वापरते.

सर्वांत मोलाची गोष्ट आहे ती ‘आम्ही’ची. हिंदीत ‘हम’ म्हटले की ऐकणारा त्यात धरला आहे की वगळला आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत कळते. व्यवस्थापकासमोर बसून कामगार म्हणतो, ‘आम्ही संपावर जाऊ’. तोच बाहेर येऊन सोबत्यांना म्हणतो, ‘आपण उद्या फाटकावर जमू’. इथे शब्दांची अदलाबदल करून पाहा, म्हणजे केवढा घोटाळा होतो ते कळेल! कोरकू याच्याही एक पायरी पुढे जाते. मी आणि तू असे दोघे, ‘आलांग’. मी आणि आणखी एक, पण तू नव्हे, ‘आलिंग’. तुला धरून आपण सगळे, ‘आबुंग’. तुला सोडून आम्ही सगळे, ‘आले’. जिथे हिंदीचे एका शब्दावर भागते आणि मराठी दोन वापरते, तिथे या ‘बोली’त चार आहेत. जॉन ड्रेक यांनी १९०३ सालीच या भाषेचे व्याकरण छापले. पण व्याकरण काही त्या दिवशी जन्मले नाही. ते बोलणाऱ्यांच्या तोंडी होतेच.

कोणाला ‘आपण’मध्ये घ्यायचे आणि कोणाला ‘आम्ही’बाहेर ठेवायचे, हा निव्वळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे, हे महाडकरांना वेगळे सांगायला नको. चवदार तळे नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून सर्वांना खुले केले. कागदावर ते ‘आपले’ झाले. तरी त्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला.

भाषेचेही तसेच आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते. ते १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. संताळीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. कोरकूला अजून नाही. घरी ‘आबुंग’ म्हणणारे मूल शाळेत येते, आणि गुरुजींचे बोलणे त्याला उमगत नाही. मग ते गप्प बसते, आणि आपण त्याला ‘मंद’ म्हणतो. दवाखान्यात डॉक्टर आणि आई यांच्यामध्येही तीच भिंत उभी राहते. सभा ज्या भाषेत चालते ती ज्याला येत नाही, तो इतरांचे पाहून हात वर करतो; त्याला मत म्हणता येत नाही, हे संघटनेत काम करणारा प्रत्येकजण जाणतो.

मेळघाट दूर आहे. पण महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर कातकरी वाड्या आहेत. कातकऱ्यांची भाषा कोरकूच्या कुळातली नव्हे. ती मराठी-कोकणीच्या जवळची. म्हणूनच की काय, आपण तिला ‘बिघडलेली मराठी’ म्हणून हसण्यावारी नेतो. पाऊस सरला की यांतली पुष्कळ कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि हिशेब होतो तो दुसऱ्याच्या भाषेत. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, तलाठी आहेत, त्यांनी या भाषेतले निदान शंभर शब्द आणि क्रियापदांची रूपे वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांकडून शिकून वहीत उतरवावीत. त्याला पदवी लागत नाही. फक्त समोरचा चुकीचे मराठी बोलत नसून आपली भाषा बरोबर बोलत आहे, एवढे मनाशी धरून बसावे लागते.