पनवेलचं भूचुंबकत्व आणि आपट्याहून जाणारी गाडी

आपटा स्टेशन देशभरच्या लोकांनी पाहिलंय, नावानं ओळखणारे मात्र थोडेच. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'मधला शेवटचा, धावत्या गाडीचा प्रसंग याच फलाटावर चित्रित झाला. साठच्या दशकात पनवेलहून रूळ आले ते आपट्यापर्यंतच. रोह्याकडे ते पुढे सरकले १९८६ साली. आज दिवा-रोहा गाडी इथे थांबते आणि उलट दिशेनं जाताना रसायनी, सोमाटणे मागे टाकून पनवेलला पोचते. त्या पनवेलमध्ये, कळंबोली हायवेजवळच्या सेक्टर १८मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही संस्था. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर इथे संशोधन चालतं आणि फेलोशिप घेऊन मुलं-मुली भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतात. आपटा, रसायनी, पेण भागातल्या किती घरांत या संस्थेचं नाव निघतं? फारच थोड्या, असा माझा अनुभव आहे आणि तो मला बोचतो.

संस्था स्वायत्त झाली १९७१ साली, पण तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६मध्ये ही वेधशाळा उभारली आणि १८४१पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक ऑर्लेबर तेव्हा वेधशाळा पाहत. त्यांच्या हाताखाली शिकून काम केलेल्या तरुणांत एक होते केरो लक्ष्मण छत्रे, अलिबागजवळच्या नागावचे. हेच पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले आणि टिळकांचे गुरू म्हणून नावाजले गेले. रायगडातल्या एका हुशार मुलाला वेधशाळेत जागा मिळाली, शिकवणारा भेटला आणि त्याचं आयुष्य विज्ञानाला लागलं. पीएच.डी. हा शब्दही इथे कुणाला ठाऊक नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे.

कुलाब्याच्या नोंदींचं मोल कळायला फार वेळ लागला. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रखर झळाळी पाहिली. दुसऱ्या दिवशी, मुंबईत सकाळ असताना, कुलाब्यातला चुंबक बेभान झाला. एरवी तासातासाला नोंद घेणारी माणसं अशा चुंबकीय वादळात दर पंधरा आणि पाच मिनिटांनी वाचन घेत. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. आपल्याकडे या घटकाची एकूण किंमतच अडतीस हजारांच्या आसपास असते. युरोपातल्या उपकरणांचे काटे मोजपट्टीबाहेर गेले होते, त्यामुळे कुलाब्याचे कागद अनमोल ठरले. पण ते कुणी धुंडाळले? २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, त्सुरुतानी, गोंझालेझ यांच्यासह याच संस्थेच्या जी. एस. लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. असं वादळ आज आलं तर उपग्रह आणि वीजजाळ्यांचं काय होईल, हा अंदाज बांधताना जगभरचे अभ्यासक तो निबंध उघडतात. मार्च १९८९मध्ये याहून पुष्कळ लहान वादळानं कॅनडातला क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात ठेवला होता.

दुसरी गोष्ट ट्रामची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. रुळांतून परतणारा वीजप्रवाह जमिनीत झिरपतो आणि चुंबकाचं वाचन बिघडवतो. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी जागा उभी केली, १९०४ साली. आपला काळा दगड, बेसॉल्ट, स्वतःच चुंबकीय असतो. म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड पारखून आणला. मग जवळजवळ दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुनी मालिका नव्या मालिकेला बिनचूक जोडता यावी म्हणून. ट्राम धावली १९०७मध्ये. तोवर सांधा पक्का झाला होता. १८४१पासून आजवरची ही साखळी जगातल्या सर्वांत लांब चुंबकीय मालिकांपैकी एक आहे. मूस यांच्या त्या दोन वर्षांना मी या संस्थेचा खरा पाया मानतो.

अलिबागला आजही नोंद घेणारा माणूस आत शिरण्याआधी मोबाइल, किल्ल्या, घड्याळ, बकलाचा पट्टा बाहेर काढून ठेवतो. आत खांबावर थिओडोलाइट असतो, लोखंडाचा अंशही नसलेला. त्याच्या दुर्बिणीवर छोटा फ्लक्सगेट सेन्सर बसवलेला. आधी दुर्बीण दूरच्या ठरावीक खुणेवर लावायची. मग ती हळूहळू फिरवायची. सेन्सर क्षेत्राशी काटकोनात आला की वाचन शून्य होतं. तो कोन लिहून घ्यायचा. दुर्बीण उलटी करायची, पुन्हा शून्य शोधायचं, पुन्हा कोन लिहायचा. अशा चार स्थितींतून एक दिक्पात मिळतो आणि आणखी चार स्थितींतून नतिकोन. उपकरणातला वाकडेपणा सरासरीत निघून जावा म्हणून हा खटाटोप. स्वयंचलित यंत्रं क्षणोक्षणी आकडे देत असतात, तरी त्यांना ताळ्यावर ठेवायला हे हाताचं वाचन लागतंच.

आता समजा, आपट्याची एखादी मुलगी या वाटेला निघाली. बी.एस्सी. पनवेलला, एम.एस्सी. कलिनाला मुंबई विद्यापीठात, रोजचा गाडीचा प्रवास धरून. मग सीएसआयआर-यूजीसी नेट, किंवा गेट, किंवा जेस्ट. त्यानंतर संशोधन संस्थेची मुलाखत. पदवी देतं विद्यापीठ. मुंबई विद्यापीठाची मान्यता या संस्थेला आहे. पहिल्यांदा कोर्सवर्क, मग गाईडशी बसून विषय ठरवणं, दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणं, सिनॉप्सिस, प्रबंध, बाहेरचे परीक्षक, व्हायवा. विषयांना तोटा नाही. तिरुनेलवेलीच्या डोक्यावरून वाहणारा विषुववृत्तीय विद्युतप्रवाह आहे, आयनांबर आहे, अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती तळांवरच्या नोंदी आहेत. फार लांब कशाला, आपट्यापासून जवळ असलेल्या कर्नाळ्याचा सुळकाही बेसॉल्टचा. सह्याद्रीतल्या अशा लाव्हानं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्यात कोंडून घेतली. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे त्या दगडांवरूनच वाचता आलं.

या सगळ्याला पाच वर्षं लागतात आणि पाच वर्षं घर चालावं लागतं. बरोबरीची मैत्रीण पाताळगंगा एमआयडीसीत नोकरीला लागून पगार घरी देत असते. पंचविशीतल्या मुलीला घरचे विचारतात, अजून किती शिकणार? १ जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिपची, म्हणजे जेआरएफची, रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी आढावा होऊन वरिष्ठ फेलोशिप, म्हणजे एसआरएफ, मिळाली की ४२,०००, वर घरभाडे भत्ता. जेआरएफ हाताशी नसेल तर राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या संशोधन फेलोशिप आहेत. आगरी, कोळी, कुणबी, बौद्ध अशा रायगडातल्या कितीतरी घरांसाठी त्या खुल्या आहेत. मुलीच्या खात्यात पैसे येऊ लागले की घरातला तो प्रश्न निम्मा गळून पडतो. माझ्या मते रकमेपेक्षाही ती ठरल्या तारखेला येणं महत्त्वाचं आहे. थकलेल्या फेलोशिपसाठी संशोधकांनी आंदोलनं करावीत, हे चित्र या राज्याला शोभत नाही. खोलीचं भाडं थकबाकी मिळेपर्यंत थांबत नाही, आणि अर्धवट सुटलेलं संशोधन नंतर क्वचितच उचललं जातं.

नियमांतही एक फट आहे. यूजीसीचे २०२२चे नियम पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं देतात, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा. सवलत चांगलीच आहे. पण फेलोशिप साधारण पाच वर्षांत संपते. पुढची वर्षं कशावर काढायची, याचं उत्तर नियमांत नाही. बाळंतपणामुळे काम लांबलेल्या मुलीला शेवटच्या, लिहिण्याच्या काळात हातात काही नसतं. प्रबंध पुरा होईपर्यंत फेलोशिप वाढवण्याची तरतूद व्हायलाच हवी, आणि ती फार मोठ्या खर्चाची बाबही नाही.

पनवेल, पेण, रोह्याच्या कॉलेजांमधल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाआधी संस्थेला पत्र लिहा, परवानगी घ्या आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तिथे घेऊन जा. शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नका. नेटची तयारी तेव्हापासून सुरू केली तर उशीर होतो. परीक्षा वर्षातून दोनदा असते, जून आणि डिसेंबरच्या सत्रांत. अर्जाची तारीख फळ्यावर लिहून ठेवा.