सुट्या सिगारेटचा सवाल

‘माझा पैसा, माझी फुप्फुसं, सरकारचं काय जातं?’ हा धूम्रपान करणाऱ्यांचा सवाल उडवून लावण्याजोगा नाही. सज्ञान माणूस धोका ओळखून स्वतःचं नुकसान करून घेत असेल, तर निव्वळ त्याच्या भल्यासाठी त्याचा हात धरणं सरकारला शोभत नाही. सार्वजनिक जागेची गोष्ट निराळी, तिथला धूर शेजाऱ्याच्याही छातीत जातो. मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये तिथे बंदी घातली, पुढे २००३ चा कायदा आला. त्यावर आता फारसं कुणी भांडत नाही.

भांडण उरतं ते ‘निवड’ कशाला म्हणायचं याचं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के लोक सोडण्याच्या विचारात होते. सोडायची आहे पण निकोटीन सोडू देत नाही, अशा माणसाच्या रोजच्या झुरक्याला स्वातंत्र्य कसं म्हणावं? खरी निवड झाली असेल तर ती पहिल्या सिगारेटच्या वेळी, आणि ती बऱ्याचदा मिसरूडही न फुटलेल्या वयात टपरीवर होते. टपरीवाला पाकिटातून एक काढून देतो, लायटर दोरीला लटकत असतोच. पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा सचित्र इशारा टपरीवाल्याकडेच राहतो, पोराच्या हाती नुसती कांडी येते. अठराच्या आतल्यांना विक्री नको, शाळेपासून शंभर यार्डांत दुकान नको, हे कायद्यात आहेच. २०२० मध्ये महाराष्ट्रानं सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवरही बंदी घातली.

यात गरीब भरडला जातो, त्याला अख्खं पाकीट परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण खिशात चिल्लर असलेल्या शाळकरी पोरालाही नेमकं तेच परवडत नाही, आणि मला त्याची काळजी जास्त वाटते. मग सरसकट बंदीच का नको? कारण गुटख्याचा अनुभव समोर आहे. २०१२ च्या बंदीनंतर पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, असा जोडीनं माल विकला गेला. गिऱ्हाइकानं तो तळहातावर एकत्र केला की झालं. सज्ञान माणसाला त्याचं पाकीट खुशाल घेऊ द्यावं. सुट्या विक्रीवरची बंदी मात्र शाळा-कॉलेजांभोवतीच्या टपऱ्यांपासून आधी अमलात आणावी.