जुना सर्व्हर बदलताय? आधी डेटा काढा, मग मशीन बंद करा

पुढे दुकान, मागे घर. तालुक्याच्या गावात कृषी सेवा केंद्र असो की होलसेल किराणा, बिलिंगचे दोन-तीन कॉम्प्युटर काउंटरवर असतात आणि सगळा हिशेब सांभाळणारा जुना सर्व्हर मागच्या खोलीत, घरच्याच राउटरला जोडलेला. वर्षानुवर्षं तो निमूट चालतो, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. पण हार्ड डिस्क बसली की उधारी, स्टॉक आणि बिलं एकदमच जातात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. मशीन जुनं झालं तरी बिलं जपावीच लागतात.

धोका नेमका काय?

मायक्रोसॉफ्टची लहान धंद्यांसाठीची 'स्मॉल बिझनेस सर्व्हर' मालिका २०११ च्या आवृत्तीवर थांबली. तिच्या स्टँडर्ड प्रकाराचा आणि विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज सर्व्हर २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला. मे २०१७ मध्ये जगभर फायली कुलूपबंद करणारा 'वॉनाक्राय' व्हायरस अपडेट न केलेल्या विंडोज मशीनमधूनच पसरला होता.

बदल करताना हा क्रम ठेवा

१. यादी करा. कोणतं सॉफ्टवेअर, डेटा कोणत्या फोल्डरमध्ये, प्रिंटर कसा जोडलाय, पासवर्ड कुणाकडे, हे कागदावर उतरवा.

२. बॅकअप घ्या. त्याआधी सगळ्या कॉम्प्युटरवरचं बिलिंग बंद करा. बाहेरच्या हार्ड डिस्कवर दोन प्रती काढा, एक दुसऱ्या जागी ठेवा. सर्व्हरमध्ये जोडीच्या दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. एकीवरचं पुसलं की दुसरीवरचंही जातं. घेतलेला बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघाच.

३. लायसन्स सोडवा. टॅली वापरत असाल तर जुन्या मशीनवर लायसन्स 'सरेंडर' करून मगच नव्यावर चालू करा.

४. राउटर तपासा. अनेक ठिकाणी बाकीच्या कॉम्प्युटरना आयपी अॅड्रेस आणि डीएनएस जुना सर्व्हरच देतो. तो अचानक बंद केला की घरातलं आणि दुकानातलं नेट बंद! आधी सर्व्हरवरची डीएचसीपी सेवा बंद करा, लगेच राउटरवरची चालू करा आणि सगळे कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. दोन्हीकडे एकाच वेळी चालू ठेवली तर गोंधळ होतो.

५. जुना दरवाजा उघडू नका. नव्या विंडोजला जुन्या सर्व्हरचे फोल्डर दिसत नाहीत, तेव्हा काही जण 'एसएमबी १' चालू करतात. वॉनाक्राय त्याच वाटेनं घुसला होता. डेटा हार्ड डिस्कनेच न्या.

वेळ कोणती?

पेरणीचा हंगाम, बाजाराचा दिवस आणि मार्चअखेर टाळा. सुट्टीच्या आदल्या रात्री काम सुरू केलं तर चूक निस्तरायला दुसरा दिवस मिळतो.

नव्या मशीनवर पहिलं बिल फाडण्याआधी दहा-बारा खातेदारांची बाकी, रोख शिल्लक आणि शेवटचा बिल नंबर जुन्याशी जुळवा. जुळलं तरी जुना सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका. नेटची वायर काढून महिनाभर तसाच ठेवा. विकायचाच झाला, तर डिस्क आधी काढून घ्या. तुमच्या गिऱ्हाइकांची खाती तिच्यात आहेत.