कच्चतीवूच्या पलीकडे

रामेश्वरचे मच्छीमार श्रीलंकेच्या नौदलाने पकडले, बोटी जप्त झाल्या, चेन्नईहून दिल्लीस पत्र गेले. हे वृत्त आता इतके सरावाचे झाले आहे की वाचकाची नजर त्यावरून सहज निसटते. मागोमाग कच्चतीवूचे नाव निघते. पाल्कच्या सामुद्रधुनीतील, पिण्याच्या पाण्याचीही सोय नसलेले हे सुमारे २८५ एकरांचे बेट १९७४ च्या करारान्वये श्रीलंकेच्या हद्दीत गेले आणि १९७६ मध्ये परस्परांच्या हद्दीत मासेमारी न करण्याचे उभय देशांनी मान्य केले. बेट परत घ्या म्हणजे तंटा मिटेल, असे तामिळनाडूतील पुढारी सांगतात. आम्हांस ही समजूत भाबडी वाटते. पकडल्या जाणाऱ्या बोटींपैकी अनेक कच्चतीवूच्या पुष्कळ पलीकडे, जाफन्याच्या किनाऱ्यानजीक गेलेल्या असतात.

त्या तेथे जातात कोळंबीसाठी. ट्रॉलरचे वजनदार जाळे समुद्राचा तळ खरवडीत जाते आणि कोळंबीबरोबर माशांची पिले, शेवाळ, जे हाती लागेल ते उपसून आणते. या उथळ पाण्यात आपल्या बाजूस त्याने फारसे काही शिल्लक ठेवलेले नाही. १९८३ पासून श्रीलंकेत यादवी चालली, उत्तरेकडील तमिळ कोळ्यांवर समुद्रबंदी आली, आणि मोकळ्या पडलेल्या त्या पाण्याची आपल्या ट्रॉलरांना चटक लागली. २००९ मध्ये युद्ध संपले. जाफन्याचा कोळी लहान होडी घेऊन समुद्रावर परतला, तो रात्री पसरलेली जाळी सकाळी फाटलेली पाहावयास! ट्रॉलर ज्या रात्री निघतात त्या रात्री पुष्कळ जण घरीच बसतात. त्यांचीही भाषा तमिळच आहे, हे बंधुत्वाची भाषणे करणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही. मालवणच्या रापणकरांचा यांत्रिक बोटींशी चाललेला झगडा ज्यांनी पाहिला, त्यांना हे दुःख समजावून सांगावयास नको.

निःशस्त्र मच्छीमारांवर गोळी झाडणाऱ्या नौदलाचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. पकडला जातो तो बहुधा मजुरीवरचा खलाशी. मालक किनाऱ्यावरच असतो. परंतु तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर श्रीलंकेने २०१७ मध्ये कायद्याने बंदी घातली, आणि त्याच वर्षी दोन हजार ट्रॉलरांच्या जागी खोल समुद्रातील मासेमारीच्या बोटी देण्याची योजना आपण जाहीर केली. मुदत तीन वर्षांची होती. ती केव्हाच उलटली. उद्दिष्ट दूरच राहिले. कच्चतीवूवर संसदेत तावातावाने बोलणाऱ्यांपैकी कोणी या योजनेचा हिशेब मागणार आहे काय?