काळ्या रानात पट्टा किती लांब?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून वेळापूरकडे निघाली की वाटेत खुडूसला गोल रिंगण होते. अश्व धावून गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी वारकऱ्यांची झुंबड उडते. पावसाने भिजलेल्या रानात टापेचा तो ठसा चांगला खोल उमटलेला असतो. घोड्याचे वजन धरा चारशे किलो. आता याच भागात ओढ्यात उतरून गाळ काढणारा पोकलेन आठवा. तो असतो वीस टनांचा, म्हणजे घोड्याच्या पन्नासपट. तरी तो ओल्या गाळातून आरामात चालत जातो. आणि त्याच्यापेक्षा निम्म्याहून हलका, चाकांवरचा जेसीबी मात्र काठावरच थांबतो. हे कसे?

हे कोडे नुसते गमतीचे नाही. वेळापूर, अकलूज, माळीनगर, श्रीपूर हा सारा उसाचा टापू. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले आणि इथल्या भारी काळ्या रानात ऊस उभा राहिला. माळीनगरचा सासवड माळी शुगर फॅक्टरी हा शेतकऱ्यांनी उभारलेला कारखाना १९३२ सालचा. म्हणजे नव्वद वर्षांहून अधिक काळ या रानातून ऊस बाहेर निघतो आहे. आधी बैलगाडीतून, मग ट्रॅक्टर-ट्रॉलीतून, आणि आता काही ठिकाणी ऊसतोडणी यंत्राच्या साह्याने. दरवेळी वाहन अधिक जड होत गेले. जमीन मात्र तीच आहे. म्हणून कोणते यंत्र रानात घ्यावे, चाकाचे की पट्ट्याचे, आणि पट्टा असेल तर किती लांबीचा, हे समजून घेणे आता शेतकऱ्याच्या कामाचे झाले आहे.

सुरुवात साध्या हिशेबाने करू. जमिनीला वाहनाचे एकूण वजन कळत नाही. तिला कळतो तो तिच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार. पासष्ट किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो. तळव्याचे क्षेत्रफळ साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.४ किलो भार पडतो. धावता घोडा क्षणभर एकाच टापेवर असतो आणि टाप शंभर-सव्वाशे चौरस सेंटिमीटरची. म्हणजे भार तीन किलोंच्या वर गेला. आता पोकलेन पाहू. त्याच्या दोन बाजूंना लोखंडी साखळीचे पट्टे असतात, चालक मंडळी त्यांना नुसते ‘चेन’ म्हणतात. एकेक पट्टा साठ सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला टेकलेली त्याची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास. दोन्ही पट्टे मिळून बेचाळीस हजार चौरस सेंटिमीटर झाले. वीस हजार किलोंना त्याने भागा, उत्तर येते ०.४८. म्हणजे वीस टनांचे ते धूड जमिनीवर जवळपास चालत्या माणसाइतक्याच दाबाने उभे असते.

पट्ट्याची सगळी करामत या क्षेत्रफळात आहे. मग क्षेत्रफळ वाढवण्यासाठी पट्टा रुंद का करू नये, लांबच का? रुंद केला तर तो समोरची तितकीच रुंद माती दाबत जातो, चाकोरी रुंद होते, आणि दोन सऱ्यांमधल्या जागेत ते मावत नाही. लांबी वाढवली तर चाकोरी तेवढीच राहते. पट्ट्याचा मागचा भाग पुढच्या भागाने आधीच दाबलेल्या वाटेवरून जातो. दुसरा फायदा पकडीचा. वाहन पुढे जाते म्हणजे ते मातीला मागे रेटत असते. ही ओढ थोड्याशा जागेत पडली की ओली माती सुटते, चाक जागच्या जागी गरगरते आणि कुंभाराने हात फिरवावा तशी चाकोरी गुळगुळीत होऊन बसते. लांब पट्ट्यात हीच ओढ बऱ्याच लांबीवर वाटली जाते, म्हणून घसरण कमी होते.

हा हिशेब सर्वात बारकाईने केला गेला तो आपल्यापासून फार दूर, बर्फाच्या प्रदेशात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा एक मेकॅनिक होता. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने दगावला. रस्ते बर्फाने बंद होते आणि मुलाला रुग्णालयात नेणारे वाहन नव्हते. त्यानंतर या माणसाने बर्फावर चालणाऱ्या वाहनाचा ध्यासच घेतला. १९३७ मध्ये त्याला आपल्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि १९५९ मध्ये त्याची ‘स्की-डू’ ही लहान बर्फगाडी बाजारात आली. पुढे दोन स्की, मागे एकच रबरी पट्टा.

आज अशा बर्फगाड्यांत पट्ट्याची लांबी हीच निवडीची मुख्य गोष्ट असते. दाबलेल्या वाटेवर फिरणाऱ्या गाडीला पूर्ण वळशाचा, म्हणजे गोल मोजलेला, तीन ते साडेतीन मीटरचा पट्टा पुरतो. डोंगरातल्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी तो पावणेचार ते सुमारे साडेचार मीटरपर्यंत जातो. चालकासह साडेतीनशे किलोंच्या डोंगरी गाडीचा भार दर चौरस सेंटिमीटरला ०.०६ किलोच्या आसपास येतो. पण तिथेही सर्वात लांब पट्टा सर्वांनाच चांगला, असे कोणी म्हणत नाही. लांब पट्टा तरंगतो आणि चढ चढतो, पण वळायला जड जातो. दाट झाडीतून चपळाईने जायचे तर आखूड पट्टाच बरा. चालकाचे वजन किती, बर्फ किती खोल, चढ किती, वळणे किती, हे पाहून तिथला माणूस लांबी ठरवतो.

आपल्या रानातही प्रश्न हेच आहेत, फक्त बर्फाच्या जागी चिकण माती आहे. पट्ट्याची यंत्रे आपल्या देशाला नवी नाहीत. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेली जमीन मोडण्यासाठी चेनचे ट्रॅक्टर आणले गेले. अशा शेतीयंत्रांसाठी जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. आज ऊसतोडणी यंत्रेही चाकांची आणि पट्ट्यांची, अशी दोन्ही प्रकारची मिळतात. निवड करताना तीन गोष्टी तोलाव्यात.

पहिली वळणाची. पोकलेनसारखे यंत्र एक पट्टा थांबवून दुसरा चालवते आणि वळते. त्या वेळी सगळी लांबी जमिनीवर आडवी घासली जाते. जमिनीला टेकलेली लांबी ही दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या दीडपट-पावणेदोनपटीपुढे गेली की वळणे फार जड होते. लहान तुकड्यांच्या रानात, जिथे दर शे-दीडशे फुटांवर बांध येतो, तिथे लांब पट्ट्याचे यंत्र बांधाकडेची जमीन खरवडून टाकते. सरळ लांब सऱ्यांच्या रानात ही अडचण कमी.

दुसरी गोष्ट रस्त्याची. लोखंडी पट्टा डांबरावर चालवता येत नाही, रस्ताही खराब होतो आणि पट्टाही. एका गावातून दुसऱ्या गावात जायचे तर यंत्र ट्रेलरवर चढवावे लागते. रोज फड बदलणाऱ्याला हा खर्च लहान नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण वर काढलेला भार हा सरासरी आहे. पट्ट्याखाली जे लहान रोलर असतात, त्यांच्या बरोबर खाली दाब सरासरीच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. शिवाय वजन मागे झुकलेले असेल तर पट्ट्याचा मागचा भागच रुततो आणि पुढची लांबी नुसती शोभेची राहते. म्हणून लांबीबरोबर रोलर किती आणि किती जवळ, वजनाचा तोल कुठे, हेही विचारावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, शेतकऱ्याने पट्ट्याचे तोडणी यंत्र आणले आणि त्याच्या शेजारून नेहमीची ट्रॉली चालली, तर काय मिळवले? टायरचा दाब हा ढोबळमानाने त्यात भरलेल्या हवेच्या दाबाइतका असतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या मागच्या चाकात हवा बारा ते पंधरा पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आत-बाहेर. ट्रॉलीचे टायर लहान आणि कडक, त्यात साठ-सत्तर पौंड हवा असते. तिथे भार चार-पाच किलोंवर जातो. म्हणजे रिंगणातल्या टापेपेक्षाही जास्त, आणि तोही सऱ्यांमधून सलग पट्टीवर. आपण दोष ट्रॅक्टरला देतो, पण रान दाबते ते मुख्यतः मागची ट्रॉली.

आणि दाब कमी केला म्हणजे सारे भागले, असेही नाही. वरच्या थरातले नुकसान दाबावर ठरते, पण खोलवरचे नुकसान एका आसावर किती टन आहेत यावर ठरते. स्वीडनमधील मृदाशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात सुचवले की, ओल्या रानात एका आसावर सहा टनांपेक्षा जास्त भार नेऊ नये, कारण त्यापुढे दाब दीड फुटाच्या खाली पोहोचतो. तिथली माती नांगराला सापडत नाही आणि ती मोकळी व्हायला वर्षानुवर्षे लागतात.

काळ्या मातीबद्दल आपल्याकडे एक भरवसा असतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ती आपोआप मोकळी होते. हे खरे आहे, पण जिरायत रानापुरते. बारमाही पाण्याखालच्या उसाच्या रानाला तसे वाळायला वेळच मिळत नाही. लागणीनंतर खोडवा, मग पुन्हा खोडवा. दाबलेल्या थरात हवा शिरत नाही, पाणी मुरत नाही, मुळी वरच्या वर पसरते. चाकोरीलगतच्या सरीत खोडव्याचे फुटवे विरळ दिसतात. शेतकरी त्यावर खत वाढवतो, पाणी वाढवतो. खर्च वाढतो, उतारा वाढत नाही.

यातली खरी अडचण अशी की, तोडीचा दिवस शेतकऱ्याच्या हातात नसतो. तोड येते ती कारखान्याच्या कार्यक्रमाने. हंगामाच्या सुरुवातीला परतीचा पाऊस झालेला असतो, रानाला वाफसा नसतो. पण टोळी आली, कोयता चालला आणि ऊस आडवा झाला की तो लवकरात लवकर गाळपाला जायला हवा. जसजसा वेळ जाईल तसतशी त्यातली साखर घटते. मग ट्रॉली रुतली तरी दुसरा ट्रॅक्टर लावून ती ओढायची, एवढेच उरते. म्हणून जे आपल्या हातात आहे ते आधी करून ठेवले पाहिजे.

रान घातीवर आहे का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. नांगराच्या खोलीवरची मूठभर माती घ्या आणि तळहातावर वळा. पेन्सिलीहून बारीक वळी न तुटता होत असेल तर रान अजून ओले आहे. वळी तुटून भुगा होत असेल तर वाहन घालायला हरकत नाही. भरलेली ट्रॉली किती दाब देते, हेही घरी काढता येते. ट्रॉली उभी करून चाकाभोवती चुना टाका, ट्रॉली पुढे घ्या आणि कोऱ्या राहिलेल्या जागेची लांबी-रुंदी मोजा. ती जागा लंबगोल असते, म्हणून गुणाकाराचा पाऊण हिस्सा धरा. चाकावरच्या वजनाला त्याने भागले की झाले.

पहिल्याच फेरीत बरेचसे नुकसान होऊन जाते, पुढच्या फेऱ्या त्यात थोडीच भर घालतात. याचा अर्थ, वाहने सगळ्या रानातून फिरू देऊ नयेत, ठरलेल्या वाटांवरूनच न्यावीत. ऑस्ट्रेलियातील अनेक ऊस उत्पादकांनी सऱ्यांचे अंतर यंत्राच्या चाकांच्या अंतराशी जुळवून सहा फुटांच्या आसपास नेले. आपल्याकडे तीन फुटांची जुनी सरी असेल तर कोणतेही तोडणी यंत्र खोडक्यावरूनच जाणार, मग पट्टा कितीही लांब असो. साडेचार-पाच फुटांची सरी आणि त्याच अंतराची चाके, ही पहिली पायरी. दुसरी, ओल्या दिवसांत ट्रॉली अर्धी भरून रानाबाहेर काढणे आणि उरलेली रस्त्याकडेला भरणे. तिसरी, यंत्र ठरवताना त्याच्या मालकाला तीन आकडे विचारणे: एकूण वजन किती, जमिनीला टेकलेली पट्ट्याची लांबी व रुंदी किती, आणि सोबतच्या वाहनाच्या एका आसावर किती टन.

ज्याचे रान भारी, सखल आणि लांब सऱ्यांचे आहे, त्याने लांब पट्ट्याचे यंत्र खुशाल बोलवावे. ज्याचे रान मुरमाड, निचऱ्याचे आणि लहान तुकड्यांचे आहे, त्याला रुंद टायरचे, कमी हवेचे यंत्र पुरते. शेजाऱ्याने काय आणले, यापेक्षा आपली माती किती भार सोसते, ते पाहून निर्णय घ्यावा. पुढच्या तोडीआधी एखाद्या ओल्या दिवशी लोखंडी सळई घेऊन रानात जा. एकदा मधल्या सरीत खुपसा आणि एकदा गेल्या वर्षीच्या चाकोरीत. हाताला लागणारा फरक पाहिल्यावर पुढचा हिशेब मांडणे सोपे जाईल.