गाठीवरचे नाव

हिंगणघाटच्या कापसाला एकोणिसाव्या शतकात स्वतःचे नाव होते. वणा नदीकाठच्या या पेठेतील रुई मऊ आणि तलम धाग्याची म्हणून प्रसिद्ध होती. मुंबईच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हा शब्द गावापेक्षा प्रतवारीच्या अर्थानेच अधिक वापरला जाई. पुढे आखूड व जाड धाग्याचे वाण आले. त्यांत रुईचा उतारा जास्त पडे आणि जुने वाण जपणाऱ्या शेतकऱ्याला भावातील फरकाने ती तूट भरून मिळत नसे. दोन्ही प्रकारचा माल एकत्र मिसळू लागला. अखेरीस नाव उरले, त्यामागचा कापूस मात्र दुर्मीळ झाला.

या ऱ्हासात कोणी एक दोषी नव्हता, हेच त्यातील खरे दुखणे होय. नाव साऱ्या पेठेचे असल्याने ते राखण्याची झीज कोणाच्याच खातेवहीत मांडली जात नव्हती. व्यवसायशास्त्र ज्याला स्पर्धात्मक श्रेष्ठत्व म्हणते, ते मिळवण्यापेक्षा टिकवणे अवघड ठरते ते याच ठिकाणी. टिकवण्यासाठी रोज थोडा तोटा पत्करावा लागतो, आणि तो पत्करणारा धनी असावा लागतो.

असा धनी वर्धा शहरात होता. १८८९ मध्ये राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास येथे जन्मलेले जमनालाल बजाज लहानपणीच वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घरी दत्तक आले. घरची उलाढाल मुख्यतः कापसाची. गाठींचे वजन वाढावे म्हणून रुईवर पाणी शिंपडण्याची वाईट रीत तेव्हा या व्यापारात होती. जमनालालजींनी आपल्या पेढीत ती बंद करविली आणि कालांतराने त्यांच्या गाठींना चढा भाव मिळू लागला, असे सांगितले जाते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांची ओळख असलेल्या वाचकांना या कृतीचा धर्मपक्ष वेगळा समजावून द्यायला नको. तिचा अर्थपक्षही तेवढाच पक्का आहे. पाण्याचा लाभ त्याच दिवशी हाती येतो, कोरड्या गाठीचा लाभ काही हंगामांनंतर. तोवर तग धरणाऱ्यालाच तो मिळतो. या लाभाला आपल्याकडे ‘पत’ हा नेमका शब्द आहे. ताळेबंदात तिच्यासाठी रकाना नसतो. कर्ज मंजूर करणारा अधिकारी मात्र तिची चौकशी सर्वांत आधी करतो.

जमनालालजी १९४२ मध्ये निवर्तले. १९४५ मध्ये ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाले. तीच आजची बजाज ऑटो. कंपनीने प्रथम परदेशी दुचाकी-तिचाकी आणून विकल्या, मग इटलीच्या पियाज्जियो कंपनीच्या सहकार्याने १९६०च्या सुमारास येथेच उत्पादन आरंभिले. १९६८ मध्ये राहुल बजाज यांनी धुरा घेतली. १९७१ मध्ये इटालियन करार संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली.

चेतकसाठी नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. या यशाचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत. एक भाग परवाना पद्धतीचा होता. नव्या कारखान्याला सहज अनुमती नसल्याने स्पर्धक थोडे होते. हे कुंपण सरकारने घातलेले, आणि त्याच कुंपणाने बजाजलाही हवे तेवढे उत्पादन करू दिले नाही. दुसरा भाग स्वकष्टाचा होता: मोठ्या संख्येमुळे खाली आलेला उत्पादनखर्च, माफक किंमत, आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी सुटा भाग व दुरुस्ती करणारा मिस्त्री मिळेल ही खात्री. ग्राहकाला हे दोन भाग एकच वाटतात. धोका असा की मालकालाही ते एकच वाटू लागतात.

१९८५ मध्ये हिरो होंडाची कमी पेट्रोल पिणारी फोर-स्ट्रोक मोटरसायकल आली. १९९१ नंतर परवान्याचे कुंपण उरले नाही. ग्राहक स्कूटरवरून मोटरसायकलकडे वळला आणि नव्या शतकाच्या तोंडाशी बजाजचे देशातील पहिले स्थान गेले. मात्र स्वकष्टाचा भाग शिल्लक होता. राजीव बजाज यांच्या काळात चाकणचा नवा कारखाना उभा राहिला, २००१ मध्ये ‘पल्सर’ आली. निर्यात वाढली, कंपनीच्या मोटरसायकली आज आफ्रिकेच्या रस्त्यांवरही धावतात. तिचाक्यांमध्ये तर ती जगात अग्रेसर आहे. दुचाकीच्या ग्राहकांना कर्ज देण्यासाठी १९८७ मध्ये काढलेली वित्तसंस्था पुढे बजाज फायनान्स म्हणून एवढी वाढली, की अनेक जुन्या बँकांनी तिचा हेवा करावा.

२००९ मध्ये कंपनीने स्कूटर सोडून केवळ मोटरसायकलवर लक्ष एकवटण्याचे ठरविले. राहुल बजाज यांनी आपली नाराजी लपविली नाही. पुत्राच्या निर्णयामागचे तर्कशास्त्र सबळ होते. पण त्यानंतर स्कूटरची बाजारपेठ पुन्हा फुलली आणि तिचे पीक होंडाच्या ‘ॲक्टिव्हा’ने काढले. त्या प्रश्नावर पित्याचा अंदाज अधिक बरोबर ठरला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. २०२० मध्ये स्कूटर परतली ती विजेवर चालणारी होऊन. जुन्या नावांतून निवडले गेले ते ‘चेतक’च.

वर्धा जिल्ह्यापुढे आज पुन्हा एका नावाचा प्रश्न आहे. समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हळद्या या गावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिच्यात कुरकुमिनचे प्रमाण अधिक असते, म्हणून तिला मागणीही आहे. हे नाव कोणा एका पेढीचे नाही. हिंगणघाटच्या कापसाप्रमाणे साऱ्या परिसराचे आहे. मानांकनाने कायद्याचे कुंपण मिळते. परंतु बाजारात ‘वायगाव’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पोत्यात दुसरीकडची हळद किती, हे पोते उघडूनच पाहावे लागते. ते कोणी उघडायचे आणि त्या तपासणीचा खर्च कोणाच्या नावे लिहायचा, हे तेथील उत्पादकांना हळद चांगल्या भावाने विकली जात असतानाच ठरवावे लागेल.