जुनी शिडाची होडी घेताना (भाग 5) : एक कील की दोन?

गेल्या आठवड्यात आपण होडीचं माप सव्वीस फुटांवर आणून ठेवलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर या मापाची जुनी होडी शोधायला निघालात, की दोन नावं हटकून पुढ्यात येतात: कॉन्टेसा 26 आणि वेस्टर्ली सेंटॉर. दोन्ही फायबरग्लासच्या, वयानं पन्नाशीच्या आसपास.

कॉन्टेसा 1966 ची. डेव्हिड सॅडलर यांनी ती स्कँडिनेव्हियातल्या फोकबोटीच्या वळणावर आखली आणि जेरेमी रॉजर्स यांनी लिमिंग्टनला बांधली. अंगानं अरुंद, जेमतेम साडेसात फूट. खाली एकच लांब कील, पाण्यात चार फूट बुडणारी. तानिया एबी ही अठरा वर्षांची मुलगी 1985 मध्ये अशाच होडीतून न्यूयॉर्कहून निघाली आणि 1987 मध्ये जगाला वळसा घालून परतली. हे वाचलं की मन तिकडेच ओढ घेतं, माझंही घेतं. पण केबिनमध्ये चौघं बसली, की एकाला उठायचं तर तिघांनी पाय पोटाशी घ्यायचे. लहान मुलं घेऊन दोन रात्री काढायच्या असतील तर याचा विचार आधी करा.

सेंटॉर 1969 ते 1980 या काळातली. अडीच हजारांच्या आसपास बांधल्या गेल्या. लॉरेंट जाइल्स यांच्या कचेरीत तिचा आराखडा झाला. रुंद, ऐसपैस, आणि पोटाखाली दोन कील. बुडते तीनच फूट. कोकणातल्या खाडीत ओहोटीला कुशीवर कलंडलेल्या होड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना या दोन पायांचं मोल वेगळं सांगायला नको. एसेक्सच्या खाड्यांत पाणी हटतं आणि मैलभर चिखल उघडा पडतो. सेंटॉर त्यात सरळ बसते, टेबलावरचा चहा हिंदकळत नाही. कॉन्टेसाला मात्र एक तर खोल पाणी हवं, नाहीतर टेकायला धक्का. खोल पाण्यातली जागा महाग, आणि ते भाडं दरवर्षी भरायचं असतं.

म्हणून मी आधी विचारतो, होडी ओहोटीला कुठे असणार? चिखलात असेल आणि घरचे सोबत येणार असतील, तर सेंटॉर घ्या. दोघंच आहात, खोल पाण्यात जागा मिळाली आहे आणि वाऱ्याच्या तोंडावर इंग्लिश खाडी ओलांडायची हौस आहे, तर कॉन्टेसा. सेंटॉर तिथे मागे पडते, हे मान्य करायला हवं.

सेंटॉरची दुखरी जागा म्हणजे कील जिथे तळाला जोडल्या आहेत ती. दोन्ही कील बाहेरच्या बाजूला फाकलेल्या आहेत. होडी टेकते तेव्हा सगळा भार त्या सांध्याला पिळतो. अनेक मालकांनी आतून फायबरग्लासचे जादा थर देऊन तो सांधा मजबूत करून घेतला आहे. तुमच्या समोरच्या होडीत ते काम झालंय का, कधी झालं, कोणी केलं, हे विचारा.

विचारून थांबू नका. ओहोटीला बूट घालून चिखलात उतरा. कीलच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसतात का, गंजाचे ओघळ आहेत का, पाहा. मग आत जाऊन जमिनीच्या फळ्या उचला, विजेरी मारा आणि कीलच्या बोल्टभोवती कोरडा कागद दाबून ठेवा. भरती येऊन होडी तरंगायला लागली, की तोच कागद पुन्हा काढून बघा.

पुढच्या आठवड्यात : इंजिन.